‘हाव सर!’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, “तू कम्प्युटरवाली, तू एआयवर बोल.” मी म्हटलं, एआयवर बोलणारे तर तुमच्या मोबाइलमध्येच रोज भेटतात. मी आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या तासावर बोलते. तो फक्त आपल्यालाच माहीत आहे.

आपण दहावी झालो तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला वाशिम स्वतः जिल्हा झालं, तेव्हा आपली बारावी होऊन गेली होती. म्हणजे इथे बसलेले आपण सगळे आपल्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठे आहोत. मोठ्या माणसांनी जुन्या गोष्टी काढल्या तर चालतं, म्हणून काढते आहे.

जून १९९० मध्ये आपण पाचवीत आलो आणि इंग्रजी सुरू झाली. तेव्हा मराठी शाळांमध्ये इंग्रजी पाचवीपासूनच असायची. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास. हात धुतलेले नसायचे, डब्यातल्या ठेच्याचा वास वर्गभर असायचा, आणि खिडकीबाहेर कडुलिंबावर कावळे. वर्गात आपण चौसष्ट जण. हजेरी घेताना चौसष्टावा नंबर येईपर्यंत पहिले दहा जण पुन्हा बोलायला लागलेले असायचे.

आज मागे वळून बघते तेव्हा कळतं की चौसष्ट जणांचा तो एक वर्ग नव्हताच. पाटणी चौकाकडच्या दुकानदारांची मुलं घरी मारवाडी बोलायची, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी. त्यांना शिकवणी होती. माझ्यासारख्या नोकरदारांच्या मुलांच्या घरी तर्खडकरांच्या पाठमालेचं जुनं, कव्हर निघालेलं पुस्तक होतं आणि संध्याकाळी पाठ घेणारे वडील होते. दोघं-तिघं घरी दखनी बोलणारे. अर्ध्याहून जास्त मुलं एसटीच्या पासावर खेड्यांतून येणारी. त्यांच्या घरी अस्सल वऱ्हाडी. निबंधात ‘मला’च्या जागी ‘मले’ लिहिलं की लाल रेघ यायची, म्हणजे पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना शिकावीच लागत होती. आणि तांड्यावरून येणारे आपले सहा-सात जण. त्यांची घरची भाषा गोरमाटी. आईला याडी म्हणणारी मुलं. गोरमाटी, गावातली वऱ्हाडी, पुस्तकातली मराठी, पाचवीत आलेली हिंदी, आणि मग इंग्रजी. आपण सगळे एकाच दिवशी ए बी सी डी शिकायला बसलो, पण ती माझी तिसरी भाषा होती आणि त्यांची पाचवी.

सर धडा वाचायचे, अर्थ सांगायचे, कठीण शब्द फळ्यावर लिहायचे. शेवटी वर्गाकडे वळून विचारायचे, “समजलं नं?”

आणि पहिल्या बाकावरून आवाज यायचा, “हाव सर!”

तो आवाज माझा होता.

मला खरंच समजलेलं असायचं, त्यामुळे मी खोटं बोलत नव्हते. पण माझ्या त्या एका ‘हाव’मुळे सर पान उलटायचे, आणि मागच्या चाळीस-पंचेचाळीस जणांचं पान न वाचताच उलटलं जायचं. मी उत्तर देते, सर खूश होतात, धडा पुढे जातो. पाचवी ते दहावी, सहा वर्षं हेच चाललं. मला त्याबद्दल बक्षिसंही मिळाली.

माझ्या मागच्या बाकावर माझी एक मैत्रीण बसायची. तिचं नाव घेत नाही. ती आज या सभागृहात आहे आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे. ती तांड्यावरून चालत यायची. गणितात माझ्यापुढे. आपल्या स्नेहसंमेलनात तिने गायलेलं लेंगी गीत अजून काहींना आठवत असेल. इंग्रजीत ती गाईडमधली उत्तरं पाठ करायची, एकेक अक्षर चित्रासारखं. प्रश्नाचा एक शब्द बदलला की तिला तो प्रश्न ओळखू यायचा नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत ती पास होती. इंग्रजीत पस्तीस हवे होते, चार गुण कमी पडले. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण घरच्यांनी फॉर्म भरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

नंतर बरीच वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जात होती. तिथे मुकादमाशी, कारखान्यावरच्या लोकांशी, सीमेवरच्या कानडी मजुरांशी बोलत राहिली. आज ती गावातल्या बचत गटाचा हिशेब ठेवते. गोरमाटी, वऱ्हाडी, हिंदी आणि कामापुरती कानडी, अशा चार भाषा बोलते. आणि तिच्या कागदावर आहे: इंग्रजीत अनुत्तीर्ण. ज्या बाईला चार भाषा येतात, तिला पाचवी येण्यासारखी नव्हती, असं मी मानायला तयार नाही.

माझं काय झालं तेही सांगते. बारावीनंतर मी अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले. पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत, भराभर. इंग्रजी माध्यमातली मुलं पुढे बसलेली, मी तिसऱ्या रांगेत सरकले. २००२ मध्ये पास झाले तेव्हा आयटीत मंदी होती. कशीबशी पुण्यात नोकरी लागली. काही महिन्यांनी परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर मीटिंग झाली. पलीकडचे गृहस्थ वीस मिनिटं बोलले. उच्चार असा की मला निम्मंच कळलं. शेवटी त्यांनी विचारलं, सगळं स्पष्ट आहे ना? आणि मी म्हटलं, येस.

पुन्हा माझा ‘हाव सर’. फक्त या वेळी तो खोटा होता. मी तीन आठवडे भलतंच बनवत बसले. ते सगळं टाकून द्यावं लागलं, रात्री जागून पुन्हा करावं लागलं. त्या रात्री मला पहिल्यांदा मागच्या बाकाची आठवण झाली. वर्गात कितीजण सहा वर्षं असा खोटा ‘हाव’ म्हणत होते? आणि नाही म्हणायला जागा होती कुठे?

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम चालतो का, हे तो लिहिणाऱ्याला विचारायचं नाही. चालवून बघायचं. आणि ज्या ठिकाणी तो नक्की चालेल तिथे नाही, तर जिथे अडकण्याची शक्यता जास्त तिथे आधी चालवून बघायचं. शाळेत आपण नेमकं उलटं करतो. ज्याला नक्की येतं त्याला विचारतो आणि समाधान मानतो.

हे सगळं बोलायला सोपं आहे. करून बघायची वेळ २०२० मध्ये आली. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून इथे आईकडे आले आणि जानेवारीपर्यंत इथूनच काम केलं. शाळा बंद. शेजारची मुलं दिवसभर गल्लीत. आई म्हणाली, “तू एवढी शिकली, या पोट्ट्याइले घेऊन बस नं घंटाभर.” मी बसले. ओसरीवर अकरा मुलं, पाचवी ते नववीची, तोंडाला रुमाल बांधलेली, लांब लांब बसवलेली. त्यांत दोघं तांड्यावरची, त्यांचे आईवडील जवळच बांधकामावर होते.

पहिला आठवडा मी काय केलं असेल? जे आपल्याला केलं गेलं तेच. धडा वाचला, अर्थ सांगितला, विचारलं, “समजलं नं?” तिघं म्हणाले, “हाव मॅडम.” बाकीचे आठ माझ्याकडे बघत राहिले. मला अंगावर काटा आला. ती पहिल्या बाकावरची मुलगी मीच होते, आणि या वेळी खडूही माझ्याच हातात होता.

दुसऱ्या आठवड्यात मी दोन गोष्टी बंद केल्या. ‘समजलं का’ विचारणं बंद, आणि ‘हाव’ म्हणणं बंद. बाजारातून अकरा पाट्या आणल्या. प्रश्न विचारला की प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. अकरा उत्तरं एका नजरेत दिसायची. कोण कुठे अडकलं आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. नववीतला एक मुलगा होता. वही बघाल तर मोत्यासारखं अक्षर. पण ‘द’ आणि ‘धिस’ यांतला फरक त्याला वाचता येत नव्हता. चार वर्षं त्याने सुंदर अक्षरात गाईड उतरवलं होतं आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग कॅलेंडरच्या पाठीमागे मी एसटीचं एक खोटंखोटं वेळापत्रक लिहिलं. वाशिम, मंगरूळपीर, कारंजा, अमरावती, पुढे गाडीची वेळ, सगळं इंग्रजीत. कागद एकच, कामं तीन. ज्यांना अक्षरओळख कच्ची, त्यांनी गावांची नावं आणि वेळा शोधून वाचायच्या. गावं ओळखीची, त्यामुळे अक्षरांची भीती कमी. ज्यांना वाचता येतं, त्यांनी प्रश्न विचारायचे: कारंज्याची गाडी किती वाजता? आणि ज्यांना बरंच येतं, त्यांनी गाडी चुकलेल्या माणसाची पाच वाक्यांची गोष्ट लिहायची. मग सगळ्यांनी मिळून नाटक करायचं: एक कंडक्टर, बाकीचे प्रवासी. हुशार मुलाला कंटाळा नाही, कच्च्या मुलाला लाज नाही, आणि सगळे एकाच गाडीत.

तिसरी गोष्ट मला मुलांनीच शिकवली. ‘आई सोयाबीन विकते’ हे इंग्रजीत सांगायचं होतं. सगळे म्हणायचे, ‘मदर सोयाबीन सेल्स’. मी चार वेळा दुरुस्त केलं, पाचव्यांदा तेच. मग तीन चिठ्ठ्या करून तिघांना उभं केलं. एक आई, एक सोयाबीन, एक विकते. मराठीत ‘विकते’ शेवटी उभी. तांड्यावरच्या मुलीला विचारलं, तुमच्या घरी कसं म्हणतात? तिने गोरमाटीत सांगितलं. तिथेही ‘विकते’ शेवटीच. आता इंग्रजी. ‘विकते’ची चिठ्ठी घेतलेली मुलगी चालत जाऊन आई आणि सोयाबीनच्या मधे उभी राहिली. त्यानंतर कोणी चुकलं की बाकीची मुलं नुसती ओरडायची, “मधात ये!” व्याकरणाची व्याख्या मी सांगितलीच नाही.

त्या दिवसापासून कोणतीही गोष्ट आधी आपल्या घरच्या भाषेत एकमेकांना सांगायची, मग इंग्रजीत, असा नियम केला. त्या मुलीने एकदा विचारलं, “मॅडम, ‘यू’ तर लहान पोराले बी अन् आजोबाले बी. मंग इंग्रज लोक आजोबाचा मान कसा ठेवतात?” इतका चांगला प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सुचला नव्हता. ज्याला घरच्या भाषेतून विचार करू देतात, त्यालाच असे प्रश्न पडतात.

चमत्कार झाला, असं सांगणार नाही. सोयाबीनची सोंगणी आली तशी दोन मुलं येईनाशी झाली. एकाच्या बापाने सांगितलं, कामाले माणूस पाहिजे. नववीतला तो मुलगा जानेवारीपर्यंत एक पान हळूहळू, बोट ठेवून वाचायला लागला. एवढंच. पण मी निघाले त्या दिवशी त्याने गाईड मला दिलं आणि म्हणाला, “हे ठेवा तुमच्याजवळ.”

नंतर मी याबद्दल वाचत गेले. मी ओसरीवर चाचपडत होते ते लोकांनी कितीतरी आधी नीट करून ठेवलेलं होतं. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिक्षकांना शिकवण्याचं काम करत होते. बंगाली मुलांच्या पुस्तकांत अवघड, क्वचित लागणारे शब्द खच्चून भरलेले असतात, हे त्यांनी पाहिलं आणि नेहमीच्या शब्दांतली सोपी वाचनमाला केली. १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. मुलाला आधी हे दोन हजार द्या, बाकीचे मग बघू, असा हिशेब.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ च्या सुमारास ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. त्यांची एक पद्धत आहे. दिवसातला काही वेळ इयत्ता विसरायची, मुलाला आत्ता काय वाचता येतं ते तपासायचं, अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, आणि त्यानुसार गट करून तिथून पुढे न्यायचं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबईत आणि वडोदऱ्यात या संस्थेच्या कामाचा नीट मोजून अभ्यास केला. पुढे २०१९ मध्ये ज्या संशोधनासाठी त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हेही काम होतं. याच संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. २०१८ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. तोही आपल्या शाळेच्या भाषेतला, इंग्रजीचा नव्हे.

एक धोका मात्र मला ओसरीवर दिसला. गट केले की त्यांना नावं पडतात. ‘हुशार’ आणि ‘ढ’. नाव एकदा पडलं की ते जात नाही. म्हणून मी गट रोज बदलायचे. नववीतल्या त्या मुलाचं अक्षर सुंदर, म्हणून फळा त्याच्याकडे. लिहिता लिहिता तो वाचायला लागला, आणि पाचवीतल्या पोरांसमोर त्याची मान खाली गेली नाही.

आपल्या वेळेपासून एक गोष्ट बदलली आहे. २००० च्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आली. आता सेमी इंग्रजी आहे, गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या फिरतात. इंग्रजी चार वर्षं लवकर आली, हे चांगलंच. पण वर्ग अजून तसाच आहे. पहिल्या बाकावर ‘हाव’ आहे, आणि मागे पान न वाचता उलटतं आहे.

आता सरांबद्दल. सर समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्यासमोरच सांगते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याला परतण्याआधी मी त्यांना भेटायला गेले. मनात जरा राग होता, खोटं कशाला बोलू? मैत्रिणीची गोष्ट काढली. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, चौसष्ट पोट्टे अन् पस्तीस मिनिटं. तू इंजिनिअर आहेस, कर हिशेब.”

मी केला. एका मुलाच्या वाट्याला तेहतीस सेकंदसुद्धा पुरते येत नाहीत. त्यातून हजेरी, फळा पुसणं आणि वर्ग शांत करणं वजा करा. वर वर्षाचा अभ्यासक्रम संपवायचा, तपासणीला वह्या पूर्ण हव्यात, आणि दर महिन्याला सर्वेक्षणाचं नाहीतर मतदार यादीचं काम. पाट्या वर करायला लावणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

थोडं थांबून सर म्हणाले, “तू हाव म्हणायचीस नं, मले बरं वाटायचं. वाटे, एकीले तरी समजलं.”

सर, मी तुमच्यावर रागावून आले होते, आणि परत जाताना माझ्या लक्षात आलं की आपण दोघं मिळून ते करत होतो. तुम्हाला धीर हवा होता, मला शाबासकी. दोघांनाही ती मिळत होती, आणि मागच्या बाकावरच्या मुलीचे चार गुण कमी पडत होते. तुम्ही मला जे दिलं त्यावर मी आज उभी आहे. ते मी विसरलेले नाही. पण आज तुमची ती पहिल्या बाकावरची मुलगी तुमच्यासमोर कबुली देते आहे, एवढं मानून घ्या.

शेवटी एक मागणं. मेळाव्याच्या निधीतून पैसे उरणार आहेत, असं कळलं. शाळेला काहीतरी भेट द्यायची आहे. नावं कोरलेली संगमरवरी पाटी लावावी, असा एक विचार आहे. माझी विनंती आहे, संगमरवरी पाटी नको, लिहायच्या पाट्या द्या. एका वर्गाला पुरतील एवढ्या. आणि सोप्या इंग्रजीतली, चित्रांची, पातळ पातळ तीनशे पुस्तकं, अवघडपणानुसार लावलेली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास ओसरीसारखा वर्ग भरवू. गावात राहणारे आपण बावीस जण आहोत. दोघादोघांची पाळी लावली तर एकाची पाळी अकरा शनिवारांनी येते. इंग्रजी उत्तम यायला हवी असं नाही. मुलाशेजारी बसून त्याचं वाचन ऐकायचं आणि त्याच्या घरच्या भाषेत त्याला प्रश्न विचारायचा. पाट्या आणि पुस्तकांचा निम्मा खर्च माझा. महिन्यातून एक शनिवार मी येते, नाही जमलं तर फोनवर बसते.

गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी माणूस ठरला आहे. माझी मैत्रीण हो म्हणाली आहे. मी तिला म्हटलं, इंग्रजीचं काय? ती म्हणाली, “पोराइसोबत मीबी शिकीन. तू फक्त पुढच्या बाकावर नको बसू.”

आता मी थांबते. समजलं का, असं तुम्हाला विचारणार नाही. शेजारी जो कोणी बसला आहे त्याच्याकडे वळा, मी काय म्हणाले ते त्याला तुमच्या घरच्या भाषेत सांगा, आणि तुमचा शनिवार कोणता ते ठरवा. दारापाशी वही ठेवली आहे. जेवणाच्या आधी नाव लिहा, जेवणानंतर आपण सगळे विसरतो.